गाळलेली हवा

खोली दाखवायला जिना चढताना अण्णांनी मला भाडं सांगितलं नाही, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही, माझं गाव कोणतं तेही विचारलं नाही. वर पोचल्यावर कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात थरथरतो का?"

मी चपापले. "नाही. का हो?"

"मंग ऱ्हावा. बारीक स्क्रू धरायला माणूस पायजे हुतं."

अशी माझी सांगलीत राहायची सोय झाली. मी साताऱ्याची. सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आले होते, आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं कळतं अशी अण्णांची ठाम समजूत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलंही. "शिकलेल्या माणसानं असं लाजू नये," म्हणून त्यांनी माझ्या हातात पेचकस दिला.

अण्णा जैन. घराण्याचा धंदा हळदीचा. खाली पुढच्या अंगाला वखार, मागं राहतं घर, वर मी. त्या घरातल्या सगळ्या वस्तूंवर हळदीचा एक पिवळा थर कायमचा वस्तीला होता. खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, वाळत घातलेल्या माझ्या ओढण्यांवर. घरात कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काही म्हणून चालत नसे. मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, हळद काय झाडाला लागते?"

"वाळल्यावर चालती," ते म्हणाले. "वाळल्यावर तिच्यात जीव ऱ्हाईत न्हाई."

साठीच्या आसपासचा माणूस. काटकुळा, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, नखांच्या कडा पिवळ्या. कुणाकडं बघायचं तर मान वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवत. नवख्या बायकांना ते बघणं आवडत नसे, मलाही सुरुवातीला आवडलं नव्हतं. मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "राग मानू नका. त्यांना काचबिंदू हाय. नळीतनं बघितल्यावानी दिसतंय, तेवढंच. म्हणून मान फिरवत्यात." मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती राखायची. दिवसातून तीनदा थेंब घालायचे आणि वाट बघायची. कशाची, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आता या माणसाला जगात आवडायचं काय, तर गाडी चालवणं. स्वतःची वखार, हाताखाली माणसं, तरी मालाचा ट्रक चालवायला अण्णा स्वतः. भावकीत यावरून त्यांची चेष्टा होई. मालकानं गादीवर बसावं, स्टिअरिंगवर कशाला? अण्णा म्हणत, गादीवर बसून माणसाचा पार्श्वभाग तेवढा वाढतो. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हा जिल्हा आणि शेजारचे जिल्हे असे चालवून काढले. मग एका दुपारी कवठे महांकाळहून येताना डावीकडून जाणारा एक दूधवाला त्यांना दिसलाच नाही. सायकल ओढ्यात, किटल्या पालथ्या, माणसाला खरचटलं, बाकी काही नाही. माणूस उलट अण्णांनाच पाणी देत होता म्हणे. अण्णांनी ट्रक तिथंच लावला, घरी फोन करून पुतण्याला बोलावलं आणि त्याच्या शेजारी बसून परत आले. त्यानंतर त्यांनी खरी गाडी कधी चालवली नाही. कुणी सांगितलं नव्हतं. लायसन्सही शाबूत होतं.

पुतण्यानंच मग त्यांना मोबाईलवर ट्रक चालवायचा एक खेळ दाखवला, करमणूक म्हणून. बिचाऱ्याला काय ठाऊक. दोन महिन्यांत अण्णांना कळलं की हाच खेळ मोठ्या कॉम्प्युटरवर खऱ्यासारखा खेळता येतो. स्टिअरिंग मिळतं, क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर पायाशी मिळतात, गिअरचा दांडाही मिळतो. फक्त कॉम्प्युटर दमदार लागतो. आणि दमदार कॉम्प्युटर आयता घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जुळवला तर चांगला, असंही त्यांना कुणीतरी सांगितलं. तो सांगणारा मला भेटायला हवा होता.

मी राहायला गेले तेव्हा हे खूळ ऐन भरात होतं. कॉम्प्युटर वखारीला लागून असलेल्या खोलीत, कारण विजेची जाड लाइन तिथं. कॅबिनेटचं दार कायम उघडं, आतले वायरींचे गुंते लोंबतायत, आणि त्याच्यासमोर अण्णा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात पक्कड.

या यंत्राचा स्वभाव मला लवकरच कळला. त्यात एक गोष्ट बदलली की शेजारची रुसते. अण्णांची नजर आक्रसत चालली होती. पडद्याच्या कडा दिसेनात, म्हणून त्यांनी पडदा लांब सरकवला. लांब सरकवला की आकडे आणि पाट्या बारीक होत, म्हणून मोठा आणि जास्त रेखीव पडदा आणला. रेखीव पडद्याला चित्र उमटवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड पुरेना, खेळ अडखळायला लागला. अडखळला की अण्णांच्या डोळ्यांना गाडी कुठून कुठं गेली ते लागेना. म्हणून मोठं कार्ड आलं. मोठं कार्ड कॅबिनेटात मावेना. पत्र्याची आतली कड पुतण्याच्या ओळखीच्या वेल्डरकडून कापून आणली, तर पॉवर सप्लाय त्याला पुरेना, तो बदलला. मग कार्ड इतकं जड की मदरबोर्ड वाकायला लागला. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण मी आयुष्यात पहिल्यांदा अगदी डोळ्यांनी पाहिली. अण्णांनी वखारीतून एक चांगलं लांब हळकुंड निवडलं, तासून मापाचं केलं आणि कार्डाखाली टेकू दिला. तो शेवटपर्यंत हलला नाही, हे सांगायला हवं.

तिकडं डोळे एकेक पायरी उतरत होते आणि इकडं अण्णा मशीन एकेक पायरी चढवत होते. मला या शर्यतीचा निकाल दिसत होता. अण्णांनाही दिसत असणार, ते काही भोळे नव्हते. पण कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणत, "बाई, दोन पावसाळं गाडी चालली पायजे. पुढचं पुढं."

सुटे भाग आणायचं काम माझ्याकडं आलं. मी दर शनिवारी साताऱ्याला घरी जायची आणि रविवारी परतायची. वाटेत कराड. कराडच्या स्टँडजवळ एका गाळ्यात असले भाग विकणारा एक गडी होता, दाढीवाला, तिशीचा, तोंडात सतत बडीशेप. अण्णा त्याच्याशी फोनवर सोयरीक जुळवत असल्यासारखे बोलत. "पोरगा कुठल्या घरातला?" म्हणजे प्रोसेसर कोणत्या कंपनीचा. "आन् पोरीकडची मंडळी चालतील का?" म्हणजे मदरबोर्डात तो बसेल का. एकदा ही सोयरीक फिसकटली. प्रोसेसर नवा, बोर्ड जुना, आणि बोर्डाला नवी समज दिल्याखेरीज, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम बदलल्याखेरीज, तो याला ओळखेना. ती समज देणं चालू असताना वीज गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालेल म्हणून अण्णा निर्धास्त होते, तर बॅटरीनंही त्याच क्षणी मान टाकली. बोर्ड कायमचा मुका झाला. अण्णा त्या काळ्या पडद्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "लगीन लागताना अंतरपाटच पेटला की."

मग नवा बोर्ड मी मांडीवर घेऊन एसटीतून आणला. शेजारच्या बाईनं विचारलं, साडी आहे का? मी हो म्हटलं.

कॉम्प्युटर चालू असला की दुपार अण्णांची. सकाळी हळदीचे सौदे, मग जेवण, मग गाडी. हा खेळ परदेशातला, गावं परदेशातली. अण्णांनी ती आपली करून घेतली होती. उजाड माळ लागला की आटपाडी. नदीवरचा लांब पूल आणि पलीकडं धुराडी दिसली की कराड. माल त्यांना निवडता येई, पण मांस आणि जनावरं त्यांनी कधी गाडीत भरली नाहीत. लाकूड चाले, यंत्रं चालत, औषधं चालत. एकदा डबाबंद मासळीचा फेरा चुकून घेतला गेला, तर अर्ध्या वाटेत लक्षात आल्यावर माल तिथंच सोडून दिला. खेळानं दंड केला. "दंड भरू," अण्णा म्हणाले.

गाडी ते चालवत ती अशी की बघणाऱ्याला झोप यावी. सगळ्यांना पुढं जाऊ द्यायचं. सिग्नल पिवळा झाला की ब्रेक. वळायच्या कितीतरी आधी दिवा. दिवस मावळायच्या आत ते जेवत, म्हणून त्याच्या आधी ट्रक कुठंतरी नीट उभा करून मगच उठत. अर्धा रस्ता तसाच टाकून उठणं नाही. काकू दारातून हाक मारत, "आवं, भाकरी गार व्हायला लागली, येतासा का?" आणि आतून उत्तर येई, "लावून आलो."

मी एकदा काकूंशी बोलले. म्हटलं, काकू, तुम्ही त्यांना काही बोलत कशा नाही? डोळे ताणतात, जीव आटवतात, त्या डब्यात एक दुरुस्त करायचं आणि दुसरं मोडायचं. काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "गाडी चालवून आले की जेवत्यात, बाई. त्यो डबा बंद पडला की ताटावरनं उठत्यात. मला डब्याचं काय करायचंय? मला जेवणारा माणूस पायजे."

त्यानंतर मी त्या डब्याविरुद्ध काही बोलले नाही.

खरा घोटाळा पावसाळ्यात झाला. कापलेलं कॅबिनेट जाऊन नवं आलं होतं, त्याला काचेचं दार होतं आणि आत रंगीबेरंगी दिवे. कराडच्या गड्यानं ते फुकट लावून दिले होते. लाल, निळे, हिरवे, आळीपाळीनं. काकू म्हणाल्या, गणपतीची आरास दिसतेय. आषाढातल्या एका संध्याकाळी पाऊस उघडला आणि उधईची पाखरं उठली. अण्णा जेवायला गेले होते, मशीन चालूच राहिलं होतं. परत येऊन बघतात तर दिव्यांच्या ओढीनं शेकडो पाखरं आत शिरलेली, आणि पंख्यांनी त्यांचं काय करायचं ते केलेलं. काचेला आतून पंखच पंख चिकटले होते.

अण्णांनी मशीन बंद केलं आणि खाली फरशीवर बसले. मी वरून आले तेव्हा ते एका मऊ रंगाच्या ब्रशनं एकेक पंख गोळा करत होते. मेलेल्यांचे पंख गोळा करून काय होणार? मी बॅटरी उचलून त्यांना उजेड धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. तिसऱ्या दिवशी दिव्यांच्या सगळ्या वायरी उपटून टाकल्या.

पण पाखरं काय फक्त दिव्यालाच येतात? मशीनच्या उबेला मुंग्या येत, झुरळं येत, पावसाळ्यात काय काय येतं. पंखे तर फिरणारच. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि काकूंकडून पाणी गाळायचं फडकं मागून घेतलं. त्यांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यालेलं मी पाहिलं नाही. जाड सुती फडकं, दुहेरी घडी, आणि गाळून झालं की फडक्यावर राहिलेले बारीक जीव परत पाण्यात सोडायचे, ही रीत. अण्णांनी तसलंच दुहेरी घडीचं फडकं कॅबिनेटच्या प्रत्येक भोकाला, पुढून, मागून, वरून, सुतळीनं ताणून बांधलं. पाणी गाळतो तशी हवा गाळायची.

आता मात्र माझं भौतिकशास्त्र जागं झालं. "अण्णा, आतली उष्णता बाहेर कुठून जाणार? पंख्याला हवा ओढता आली पाहिजे."

"ओढंल की. सावकाश ओढंल."

"कोंडेल. तापेल."

"बाई," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पाणी गाळून पिल्यानं तहानेनं कुणी मेलं का?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते उष्णतेच्या वहनाबद्दल, आणि अण्णा ज्या गोष्टीबद्दल बोलत होते तिला ते पुरं पडलं नसतं. मी कराडच्या गड्यालाही फोन लावून दिला. तो ऐकून आधी हसला, मग म्हणाला, "अण्णा, गाळणं पाण्याला लावत्यात हो, हवेला न्हाई. लय महागात पडंल." अण्णा म्हणाले, "तुझ्या दिव्यांनी काय स्वस्तात पडलं काय रं?" आणि फोन माझ्या हातात दिला.

रोज दुपारी खेळ संपला की अण्णा ती फडकी सोडत, मागच्या परड्यात कण्हेरीखाली जाऊन हलक्या हातानं झटकत, आणि पुन्हा बांधत. त्यांतून निघायचं काय? एखादी मुंगी, एखादं चिलट, आणि हळद. वखारीतल्या हळदीचा धुरळा त्या फडक्यांत असा बसायचा की आठवड्याभरात पांढरं फडकं पिवळंधमक. झटकून तो सगळा निघत नसे. ओलसर हवेत तर तो लिंपल्यासारखा घट्ट व्हायचा. धुवून काढायचं तर पावसाळ्यात वाळायला दोन दिवस, आणि दोन दिवस गाडी बंद ठेवायची अण्णांची तयारी नव्हती. त्यांना घाई होती. एवढ्या संथ माणसाची घाई मला त्याच दिवसांत दिसली. पूर्वी ते मला म्हणायचे, "मशीनला 'पी हळद आन् हो गोरी' चालत न्हाई." आता तेच जेवणाचं पान वाढेपर्यंत थांबत नव्हते.

कारण नळी आणखी आवळली होती. काकू आता पाण्याचा तांब्या ताटाच्या उजव्या अंगाला ठेवायच्याऐवजी नेमका समोर ठेवू लागल्या होत्या. खेळातल्या ट्रकच्या आरशात बघायला अण्णांना पूर्ण मान वळवावी लागे आणि तेवढ्यात समोरचा रस्ता हातचा जाई.

श्रावणात एका दुपारी वर माझ्या खोलीत जळका वास आला. मी धावत खाली गेले. अण्णा स्टिअरिंग धरून बसले होते. पडदा काळा. कॅबिनेटला हात लावला तर चटका बसला. मी सुतळ्या तोडून फडकी काढली. आत हळकुंडाच्या टेकूवर ते मोठं कार्ड जागच्या जागी होतं आणि गेलं होतं.

"वखारीच्या बाहेर पडलो हुतो," अण्णा म्हणाले. त्यांना खेळातलं म्हणायचं होतं. "माल भरून झाला हुता."

कराडच्या गड्यानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्या वेळी नेमकी असल्या कार्डांची बाजारात बोंब होती. मुंबईत नाही, पुण्यात नाही, आलं की तासाभरात जातं. गडी म्हणाला, "मॅडम, नंबर लावून ठेवतो. पर अण्णास्नी सांगा, दिवाळीच्या आत आशा न्हाई." लहान कार्ड होतं, ते बसवता आलं असतं. पण लहान कार्डावर मोठा पडदा चालेना आणि लहान पडदा अण्णांना दिसेना. पुन्हा तीच साखळी, फक्त उलटी.

त्या महिन्यांबद्दल लिहावंसं वाटत नाही. अण्णांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. फडक्यांनाही दिला नाही. मी एकदा, खरं सांगायचं तर चिडूनच, म्हटलं, "तुमच्या गाळण्यानं घात केला." त्यांनी मान सावकाश फिरवून मला चेहऱ्यापासून हातापर्यंत पाहून घेतलं. "घात झाला खरा," म्हणाले. "पर पाखरू एक न्हाई मेलं, बाई, श्रावणभर." त्यात फुशारकी नव्हती. जमाखर्च मांडून झाल्यावर माणूस बोलतो तसा आवाज होता. मला रडू आलं आणि मी वर निघून गेले.

मिरजेला अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते नजर आणण्यासाठी नव्हतंच, दाब उतरवण्यासाठी होतं. दाब उतरला, म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं असं म्हणायचं. दिवाळी गेली. अण्णा रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसत. पायाशी क्लच दाबून बघत, गिअरचा दांडा पहिल्यातून दुसऱ्यात घालत. काकू हाक मारत, पण आतून "लावून आलो" असं उत्तर येत नसे. नुसतेच उठून येत. ताटावर बसून भाकरी कुस्करत आणि कुस्करलेली तशीच ठेवून हात धुवायला जात.

संक्रांत झाल्यावर कराडहून फोन आला. कार्ड आलं होतं. रविवारी साताऱ्याहून येताना मी कराडला उतरले. गड्यानं ते दोनदा गुंडाळून दिलं आणि पैशांचं नंतर बघू म्हणाला. दाराशी येऊन म्हणाला, "मॅडम, आता लोण्यावानी चालंल, बगा. आन् ते फडकं तेवढं..."

"थंडी आहे," मी म्हटलं. "पाखरं नसतात. नाही बांधणार."

दुपारी आम्ही ते बसवलं. मशीन आता वखारीशेजारून उचलून मागच्या खोलीत आणलं होतं, धुरळ्यापासून लांब. स्क्रू मी लावले. अण्णांनी बोटांनी चाचपून प्रत्येक वायर नीट बसल्याची खात्री केली. बटण दाबलं आणि मशीन अशा तऱ्हेनं सुरू झालं की आवाजसुद्धा आला नाही. पडदा उजळला. मी तो खेळ दोन वर्षं बघत आले होते, पण असा कधी पाहिला नव्हता. रस्त्याकडेच्या गवताचं पातं न् पातं वेगळं. काचेवरून ओघळणारा पावसाचा थेंब. लांब डोंगरावर एक पांढरं घर, त्याच्या खिडक्या मोजता येतील. सगळं इतकं सुरळीत पळत होतं की मला त्या क्षणी खरोखरच आनंद झाला. काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "चाललं काय ओ?" त्यांनी विचारलं. "चाललं," अण्णा म्हणाले.

त्यांनी गिअर टाकला. ट्रक आवारातून बाहेर पडला, दिवा देऊन उजवीकडं वळला. पाय आणि हात काही विसरले नव्हते. आवाजावरून गिअर बदलत होते. रस्ता सरळ होता, थोडा वेळ सगळं छान चाललं. काकू आत गेल्या. मी स्टुलावर बसले होते. समोर लांबवर चौक दिसला, सिग्नल लाल होता. अण्णा पिवळ्यालाच थांबणारे, म्हणून मी काही बोलले नाही. ट्रक थांबला नाही. आडव्या रस्त्यानं आलेल्या गाड्यांनी करकचून ब्रेक मारले आणि हॉर्न वाजायला लागले.

"कोण वाजवतंय?"

मी स्टूल पुढं ओढलं.

"बाई, मी सिग्नल तोडला का?"

"हो."

त्यांनी ब्रेक दाबला. ट्रक चौकाच्या मधोमध थांबला. "लांबनं लाल दिसत हुता का आत्ता झाला?"

"लांबून दिसत होता," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? पडदा हातभर रुंद होता आणि तो दिवा त्याच्या बरोबर मधे होता.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"अण्णा, अहो, खेळ आहे तो," मी म्हटलं. "गाड्या खोट्या आहेत. कुणाला काही लागत नाही. मी शेजारी बसते, मी सांगत जाते, लाल का हिरवा. चालवा तुम्ही."

"गाड्या खोट्या असतील," ते म्हणाले. "चालवणारा खरा हाय न्हवं?"

हॉर्न वाजतच होते. त्यांनी त्या दिशेला कान केला.

"आपली गाडी रस्त्यात उभी हाय का?"

"हो. चौकात."

"मंग बाजूला घ्या. लोकांचा खोळंबा हुतोय."

"मला चालवता येत नाही हो."

"मी सांगतो की. या हितं."

ते उठले, खुर्चीच्या पाठीला धरून मागं उभे राहिले. मी त्यांच्या जागेवर बसले. मी आयुष्यात कधी स्कूटरसुद्धा चालवलेली नाही. त्यांनी सांगितलं, डावा पाय पूर्ण दाबा, दांडा पुढं, आता पाय हळू सोडा, लय हळू. ट्रक गचका खाऊन बंद पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद पडला. अण्णा एकदाही वैतागले नाहीत. तिसऱ्या खेपेला ट्रक रांगत पुढं सरकला आणि मी तो चौक ओलांडून रस्त्याच्या कडेला नेला.

"डांबराच्या खाली आली का?"

"आली."

"मागची चाकं?"

मी आरशात पाहिलं. "ती पण आली."

"हँडब्रेक ओढा. आन् इंजिन बंद करा."

मी बंद केलं. इंजिनाची घरघर थांबल्यावर खोलीत फक्त खेळातल्या रस्त्याचा आवाज राहिला. थांबून राहिलेल्या गाड्या एकेक करून आमच्या बाजूनं पुढं जायला लागल्या. अण्णा खुर्चीमागं उभे राहून प्रत्येक गाडीचा आवाज जवळ येताना आणि लांब जाताना ऐकत होते. शेवटची गेल्यावर त्यांनी खुर्ची सोडली.

"झाला मोकळा रस्ता," ते म्हणाले, आणि भिंत चाचपत जेवायला गेले.